डार्सीची दोरी

सुथिनचं लग्न एका अमेरिकन मुलीच्या धुण्यापायी मोडता मोडता राहिलं, हे आज सांगितलं की त्याची मुलंसुद्धा हसतात. पण त्या शनिवारी थायलंडच्या ईसान भागातल्या आमच्या तळ्याकाठच्या गल्लीत कुणालाही हसू येत नव्हतं. आणि सगळ्यात कमी येत होतं ते सुथिनच्या आईला, बुआफानमावशीला.

मावशी पोस्टातून निवृत्त झालेली. पोस्टात ती परदेशी पार्सलांच्या खिडकीवर बसायची, त्यामुळे परदेशी माणसांबद्दल काहीही विचारायचं झालं तर गल्ली तिच्याकडे यायची. गोरे लोक भात का टाकतात, गोऱ्या बायका टोपी का घालत नाहीत, अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिच्याकडे तयार असत. तिनं आयुष्यात एकूण किती परदेशी पाहिले होते हे कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पार्सलं मात्र पुष्कळ पाहिली होती. म्हणूनच विद्यापीठाला एका अमेरिकन विद्यार्थिनीसाठी चांगलं घर हवं होतं तेव्हा मावशीनं वरच्या मजल्यावरची खोली रंगवून घेतली, आणि डार्सी आली.

डार्सी उंच, हाडापेरानं मजबूत, आणि इतकी मदत करणारी की जीव नकोसा व्हावा. तिचे वडील तिकडे उत्तरेच्या थंड समुद्रावर मासेमारीची बोट चालवत. ती थाई भाषा पुस्तकातून शिकली होती आणि छान बोलायची. आठवडाभर कॉलेज, आणि शनिवार-रविवार म्हणजे तिच्या शब्दांत 'काही विशेष नाही': कपडे धुणं, तळ्याभोवती पळणं, पत्र लिहिणं, भाजलेली कोंबडी आणि चिकट भात खाणं. असा हा काही विशेष नसलेला शनिवार उजाडला.

तोवर ती कपडे कोपऱ्यावरच्या धोबिणीकडे द्यायची. त्या दिवशी तिच्या मनात आलं, आपले कपडे आपण का धुऊ नयेत? तिनं अंगणात टब मांडला, गाणी म्हणत पंधरवड्याचं धुणं धुतलं आणि बॅगेतून एक जाड पांढरी दोरी काढली. वडिलांच्या बोटीवरची दोरी होती ती. घरची आठवण म्हणून आणलेली. लोक आईचा फोटो आणतात. तिनं दोरीचं एक टोक जिन्याच्या कठड्याला, दुसरं फाटकाशेजारच्या आंब्याला बांधलं आणि त्यावर आपल्या जीन पँटी, परकर आणि बाकीचं जे काही असतं ते सगळं ओळीनं वाळत घातलं. बरोबर फाटकातून आत येणाऱ्या माणसाच्या डोक्यावर.

आता आमच्याकडे बाईमाणसाचे कंबरेखालचे कपडे पुरुषाच्या डोक्यावर टांगत नाहीत. ते मागच्या अंगणात, खाली, भिंतीच्या आडोशाला. त्यांच्याखालून पुरुष गेला तर त्याचं तेज जातं, आणि गळ्यात ताईत असले तर त्यांचीही ताकद उतरते. हे कुणी कुणाला शिकवत नाही. चुलीत हात घालू नये हे जसं शिकवावं लागत नाही, तसंच.

पहिले आले समोरचे प्रासोंगकाका. रेल्वेत गार्ड होते, आणि त्यांच्या गळ्यात इतके ताईत की चालताना खुळखुळ वाजे. रोज सकाळी मावशीकडे वर्तमानपत्र वाचायला यायचे. त्या दिवशी फाटकापर्यंत आले, वर पाहिलं, आणि लाल झेंडी दिसल्यासारखे थांबले. मावशी ओसरीवरून या म्हणाली. काका म्हणाले, आज वारा बरा सुटलाय. मावशी म्हणाली, हो, सुटलाय खरा. काका म्हणाले, कपडे लवकर वाळतील. आणि वर्तमानपत्र न वाचताच घरी गेले.

एवढं बोलणं पुरेसं होतं. मावशी ओसरीवरून उठलीच, कारण रविवारी दुपारी सुथिनच्या लग्नाची बोलणी करायला मालिवनचे आईवडील येणार होते. मुलगा आणि मुलगी दोघं एकाच बँकेत, दोघांचं जमलेलं. फक्त मालिवनच्या वडिलांचा होकार बाकी होता. हे थोंगयू म्हणजे कालासिनला जाणाऱ्या रस्त्यावरच्या भाताच्या गिरणीचे मालक. त्यांची बस एकदा नदीत उलटली आणि ते ओले होण्यापलीकडे काहीही न होता बाहेर आले, ते गळ्यातल्या ताईतामुळे, असं ते स्वतः सांगत. असा माणूस फाटकातून आत येणार, आणि त्याच्या डोक्यावर अमेरिकन जीन पँट.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं की मुलीला. पण ती पाहुणी. दोन महासागर ओलांडून आलेली, आनंदानं गाणी म्हणत धुणं धुणारी, आणि कुणीतरी जाऊन तिला सांगायचं की तुझ्या परकरानं माणसांचं तेज जातं? ते तोंडातून निघत नाही. आमच्याकडची माणसं गरज पडली तर पाय मोडून घेतील, पण समोरच्याला ओशाळं करणार नाहीत. मावशीनं मात्र ठरवलं की आपण परदेशी माणसं जाणतो, आपण हे नाजूकपणे सांगू.

ती डार्सीजवळ गेली आणि म्हणाली, "दोरी छान बांधलीस हं. फक्त उंचीचा जरा विचार कर. पुरुषमाणसं येतात-जातात."

डार्सीनं कपाळाला हात लावला. काकांच्या डोक्याला लागली असेल, माझ्या लक्षातच आलं नाही, असं म्हणत तिनं शंभरदा माफी मागितली. मग आंब्यावर चढून तिनं दोरी चांगली हातभर वर नेली.

मावशी ओसरीवर बसून पाणी प्यायली.

दुपारपर्यंत पुरुषांचं येणं-जाणं मागच्या बाजूनं सुरू झालं. खुद्द सुथिन आपल्याच घरात कोंबड्यांच्या खुराड्यावरून उडी मारून आला, आणि त्याच्या बँकेतल्या पांढऱ्या शर्टावर त्याची नोंद उमटली. तो म्हणाला, "आई, उद्या ते लोक खुराड्यावरून येणार आहेत का?"

मग शेजारच्या शिंपीणबाई, विलाई, सल्ला द्यायला आल्या. विलाई म्हणजे सल्ल्यांचं दुकान. कपडे शिवणं हा नुसता जोडधंदा. त्यांचं म्हणणं पडलं की सांगण्यापेक्षा दाखवावं. मावशीनं आपली लुगडी, म्हणजे आमच्याकडे बायका कंबरेला गुंडाळतात ती फासिन, मागच्या अंगणात अगदी खाली वाळत घालावी. मुलगी हुशार आहे, बघेल आणि समजेल. मावशीला पटलं. तिनं न मळलेली लुगडी मुद्दाम भिजवली आणि खालच्या बांबूवर पसरली, अशी की दिसलीच पाहिजेत.

डार्सीनं पाहिलं. समजलीही. एवढं तिला समजलं की बिचाऱ्या मावशीला वर हात पुरत नाही, म्हणून ती असे सावलीत, जमिनीलगत कपडे घालते. मावशी वामकुक्षीतून उठून बाहेर आली तेव्हा तिची चारही लुगडी पुढच्या दोरीवर, अमेरिकन पँटींच्या शेजारी, फाटकावर फडफडत होती. त्यातलं जांभळं तर पोस्टाच्या निरोप समारंभातलं. संपूर्ण पोस्ट खातं ओळखेल असं.

"आता लवकर वाळतील, मावशी," डार्सी म्हणाली.

मावशी म्हणाली, "तुझे फार उपकार झाले." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. परदेशी पार्सलांच्या खिडकीवर इतकी वर्षं काढलेल्या बाईवर ही वेळ यावी.

बातमी गल्लीचे प्रमुख पाइबून यांच्यापर्यंत गेली. पाइबूनांच्या घरावर सरकारी भोंगा होता, आणि तो वाजवायला निमित्त मिळालं की त्यांची तब्येत सुधारायची. मावशीनं हात जोडून विनवलं की मुलीचं नाव घेऊ नका, कपड्यांचंही घेऊ नका. पाइबून म्हणाले, माझ्यावर सोडा, मी नगरपालिकेच्या भाषेत सांगतो. आणि थोड्या वेळानं सगळ्या गल्लीनं ऐकलं की रस्त्यावरून ये-जा करणाऱ्या सन्माननीय नागरिकांच्या शिरोभागाची प्रतिष्ठा लक्षात घेता, रहिवाशांनी आडव्या टांगलेल्या वस्तूंच्या उंचीबाबत योग्य तो निर्णय घ्यावा.

डार्सीनं योग्य तो निर्णय घेतला.

तिच्या गावाकडे म्हणे प्रत्येक घराच्या वरच्या खिडकीतून समोरच्या खांबापर्यंत कप्प्यांवर फिरणारी दोरी असते. खिडकीत उभं राहून ओढलं की कपडे पुढे सरकतात, ओढलं की मागे येतात. आजवर तिला वाटत होतं की इथे असलं काही केलेलं लोकांना आवडणार नाही. आता खुद्द सरकारी भोंगाच सांगतोय म्हटल्यावर तिला उत्साह आवरेना. तिनं मागच्या बंद विहिरीची कप्पी काढली, बाजारातून दुसरी आणली, दोरीला जोड दिला, आणि लहानपणापासून डोलकाठीवर चढायची सवय असल्यानं गल्लीच्या पलीकडच्या टेलिफोनच्या लाकडी खांबावर सरसर चढून एक कप्पी पक्की केली. दुसरी आपल्या खिडकीला. खाली उभ्या असलेल्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. तिला वाटलं, कौतुकानं.

संध्याकाळ व्हायच्या आत दोरी फक्त मावशीच्या फाटकावर राहिली नाही, तर अख्ख्या गल्लीवर आली. गल्लीचे दोन भाग झाले. शेवया विकणारा गाडीवाला अलीकडेच थांबला आणि पलीकडच्यांना बायका पाठवा म्हणाला. प्रासोंगकाका देवळातून परत येत होते, ते पलीकडे अडकले आणि तळ्याला वळसा घालून, कपाळावरचा घाम पुसत, ताईत वाजवत घरी आले. डार्सी खिडकीतून त्यांना म्हणाली, "काका, आता नाही ना लागत डोक्याला?" काका म्हणाले, नाही मुली, आता मुळीच नाही. तिला खूप बरं वाटलं.

मावशीनं टेलिफोनच्या ऑफिसला फोन केला. खांब तुमचा आहे, तर वरची कप्पी तुम्ही काढा. तिकडून विचारलं, फोन बंद आहे का? मावशी म्हणाली, बंद असता तर मी बोलले असते कशी? मग तक्रार कसली, असं तिकडून आलं. फोन बंद असल्याची तक्रार घेता येते, आवाज नीट येत नसल्याची घेता येते, खांबावर लुगडी असल्याची तक्रार कुठल्या सदरात घालायची? मावशी जुनी सरकारी नोकर. तिनं आवाज नीट येत नाही असं सांगितलं. दोन माणसं शिडी घेऊन आली, दोरीच्या अलीकडे थांबली, हेल्मेटं काढून वर पाहिलं, परत घातली. एकानं गळ्यातला ताईत शर्टाच्या आत सारला. दुसऱ्याच्या मते खांबाला हात लावायचा तर दोरीखालून जावं लागणार. ऑफिसात एक बाई आहेत, त्या सोमवारी येतात. त्या टायपिस्ट आहेत, पण विचारून बघू.

मग डार्सी खाली गेल्यावर विलाई आणि मावशीनं तिच्या खिडकीशी दोरीला दिलेली जोडगाठ तरी सोडवावी म्हणून बघितलं, म्हणजे दोरी उतरवता येईल. गाठ सुटेना. नखं मोडली, दात लावून पाहिले. विलाईनं कात्री काढली. मावशीनं तिचा हात धरला. मुलीच्या बापाच्या बोटीची दोरी ती. ती कशी कापायची?

रविवारी सकाळी मावशीनं मनाशी निर्धार केला. मुलगी तळ्याभोवती पळून परत आली की समोर बसवायचं आणि स्वच्छ सांगायचं. देवासमोर फुलं ठेवली, तोंडात वाक्य तयार केलं. डार्सी तळ्यावरून आली ती मान खाली घालून. ओसरीवर बसली, बूटही काढले नाहीत. मग म्हणाली, "मावशी, लोक मला टाळतात. सकाळी मी खिडकीतून बघत होते. आपल्या घराजवळ आले की पुरुष मागे फिरतात. काका वर्तमानपत्राला येत नाहीत. मी काही चुकले का?"

केवढी सोन्यासारखी संधी. वाक्य तयार, मुलगी समोर, आणि तीच विचारतेय. आणि तिच्या डोळ्यांत पाणी. मावशीनं ते वाक्य तसंच ठेवून दिलं. ती म्हणाली, "नाही गं बाई. सगळे तुझ्यावर खूश आहेत. ऊन वाढलंय म्हणून माणसं सावलीनं जातात."

डार्सीचा चेहरा एकदम उजळला. आणि आनंदाच्या भरात तिनं घरातल्या चादरी, अभ्रे, विलाईबाईंचे दोन परकर आणि आज पाहुणे येणार म्हणून मावशीचं सगळं उरलंसुरलं धुऊन दोरीवर चढवलं. आता दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली. तळ्याच्या पलीकडून दिसत होती असं लोक नंतर सांगायचे.

भर दुपारी थोंगयूंची पिकअप गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. गल्ली अरुंद, पुढचं चालतच यायचं. पुढे थोंगयू, अंगानं भक्कम, रेशमी सदरा, गळ्यात सोन्याच्या साखळीत एवढाले ताईत. मागे त्यांची बायको बुनमी फळांची टोपली घेऊन, आणि त्यांच्या मागे मालिवन, जिला सुथिननं फोनवर सगळं सांगितलेलं असल्यानं जी रस्त्याकडे बघत चालली होती. फाटकात मावशी हात जोडून उभी. ओसरीवर सुथिन. शेजारच्या सगळ्या खिडक्यांत सगळी गल्ली, कारण रविवारी दुपारी दुसरं काय करायचं असतं.

थोंगयू दोरीच्या अलीकडे थांबले. वर पाहिलं. जांभळं लुगडं त्यांच्या बरोबर डोक्यावर हलत होतं. त्यांनी ताईतांवर हात ठेवला. बुनमीनं नवऱ्याकडे पाहिलं. मावशीला वाटलं, आता हा माणूस वळणार, गाडीत बसणार, आणि आपला मुलगा जन्मभर खुराड्यावरून उड्या मारत बसणार. मागे फिरला तरी आपल्याला दोष देणार नाही, आज वारा बरा आहे एवढंच म्हणेल, हे तर आणखी वाईट.

पण थोंगयू गिरणीवाले. सतत यंत्रांच्या आवाजात राहिलेले, त्यामुळे हळू आणि आडून बोलणं त्यांना येतच नव्हतं. त्यांनी मान वर करून खिडकीतल्या गोऱ्या मुलीला हाक मारली.

"पोरी, ही दोरी तुझी का?"

"हो काका," डार्सी आनंदानं म्हणाली. "अजून उंच करू?"

गल्लीतल्या कुठल्याशा खिडकीतून कुणाला तरी ठसका लागल्याचा आवाज आला.

"उंच नको. काढ. बायकांचे कंबरेचे कपडे पुरुषांच्या डोक्यावर टांगत नाहीत आमच्याकडे. वाईट असतं. ते मागे, खाली घालायचे."

झालं. दोन दिवस अख्खी गल्ली जे गिळत होती ते भर रस्त्यात मोठ्यांदा बोललं गेलं, आणि आभाळ कोसळलं नाही. डार्सी आधी लाल झाली, मग पांढरी, मग परत लाल. मग म्हणाली, "एवढंच?"

आणि तिनं दोरी ओढली.

कप्प्या कुरकुरल्या. जीन पँटी, परकर, चादरी, मावशीची लुगडी, विलाईबाईंचं सर्वस्व, सगळी मिरवणूक एका ओढीत सरसरत गल्लीवरून गेली आणि एकामागून एक खिडकीत नाहीशी झाली. शेवटी जांभळं लुगडं गेलं, होणाऱ्या व्याह्यांसमोरून सावकाश, जसं काही मानवंदना स्वीकारत. आणि मोकळी दोरी उन्हात हलत राहिली. अलीकडे अडकलेला शेवयावाला गाडी ढकलत पलीकडे निघून गेला. प्रासोंगकाका वर्तमानपत्र मागायला आले.

डार्सी धावत खाली आली. थोंगयूंना, बुनमीला, काकांना, दिसेल त्याला हात जोडले. मग मावशीकडे वळली.

"मावशी, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं ना," मावशी म्हणाली. "काल दिवसभर सांगत होते. तू दर वेळी ऐकलंस, आणि दर वेळी वर नेलंस."

त्यावर पहिल्यांदा हसल्या त्या बुनमी. मग मालिवन, मग खिडक्या. थोंगयू हसले नाहीत, पण बायकोला म्हणाले, चार मुली आहेत घरात, या पोरीचं काय घेऊन बसलीस, मी अंगणात कसा चालतो मला विचार. आणि दोरीखालून, नुसत्या दोरीखालून, ऐटीत आत आले.

बोलणी झाली. ती लांबलीच नाहीत, कारण बुनमीचं लक्ष बोलण्यात नव्हतं. खिडकीतल्या कप्पीत होतं. चार मुलींचं धुणं, घराच्या मागे चिखल, आणि इथे एका जागी उभं राहून नुसतं ओढायचं. आमच्याकडे देणं मुलाकडच्यांनी द्यायचं असतं, तो विषय निघाला तेव्हा थोंगयू घसा साफ करत होते, तेवढ्यात बुनमी म्हणाली की बाकीचं यांचं यांनी बघावं, मला एवढी दोरी हवी, मागच्या अंगणात, खाली. पुढच्या शनिवारी डार्सी गिरणीवर गेली आणि बांधून आली. बापाच्या बोटीची अर्धी दोरी तिनं तिथे दिली. तिच्या मते ते काही विशेष नव्हतं.

पावसाळ्याआधी लग्न झालं. आमच्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी नवरानवरीच्या मनगटांना पांढरे दोरे बांधले, प्रत्येकानं एक आशीर्वाद देत. डार्सीनंही सुथिनच्या मनगटाला बांधला. तिला कुणी सांगितलं नाही की गाठ सैल मारायची असते, कारण तीन दिवसांनी दोरे सोडायचे असतात, आणि कापायचे तर मुळीच नसतात. तिनं तिला येत होती ती गाठ मारली. समुद्रावरची.

तीन दिवसांनी बाकीचे दोरे सुटले. तो सुटेना. मालिवननं प्रयत्न केला, विलाईनं केला, प्रासोंगकाकांनी गार्डाच्या शिट्टीचं टोक गाठीत घालून पाहिलं. सुथिन तो दोरा मनगटावर बांधून बँकेत नोटा मोजत राहिला, पहिलं मूल होईपर्यंत, दोरा करडा होऊन झिजून आपोआप गळेपर्यंत. डार्सी घरी परतल्यावर दर पत्रात विचारायची, माझी गाठ कशी आहे?

दोरा गळून पडला तरी मावशी प्रत्येक वेळी लिहायची की छान आहे. तिला खरं कसं सांगायचं.